हारु म्हणजे उडी

"लेख मराठीत देणार की कन्नडात?" असे वार्षिकाच्या संपादक सरांनी विचारले तेव्हा मी क्षणभर घोटाळलो. प्रश्न तसा साधाच होता. आपल्या वार्षिकाला विभाग दोन, मला लिहिता येतात त्या भाषा दोन, आणि लेख दोन्हींकडे कमीच पडतात. शिवाय ज्या विषयावर लिहायचे मनात होते तो विषय मला अर्धाअधिक कन्नडातूनच आठवतो. तरी मी "मराठीत" म्हणालो. का म्हणालो ते शेवटी सांगेन.

विषय आहे टीव्ही गेम. प्राध्यापक मंडळींनी एवढ्यावरून पान उलटू नये ही विनंती.

आमचे घर वडगावात. गल्लीच्या तोंडाशी आले की आधी मागांचा आवाज कानावर येई, मग घरे दिसत. खटाक-फटाक, खटाक-फटाक, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. त्या आवाजाची आम्हां पोरांना इतकी सवय की वीज जाऊन माग थांबले म्हणजे झोपलेले मूल दचकून जागे होई. वडगाव, शहापूर, खासबाग हा सगळा विणकरांचा भाग. आमच्या घरी मात्र माग नव्हता. बाबा रविवार पेठेत एका धान्याच्या दुकानात हिशेब लिहीत आणि आई घरी बसून साड्यांना फॉल लावी. आमच्यापासून चार घरे सोडून तम्माचे घर. तम्मा हे काही त्याचे शाळेतले नाव नव्हे. कन्नडात धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. घरात तो शेंडेफळ, म्हणून घरचे म्हणत आणि गल्लीनेही तेच उचलले. त्यांच्या पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मागच्या खोलीत संसार, आणि दोहोंमधल्या चिंचोळ्या जागेत लोखंडी स्टुलावर एक जुना, पाठीला पोक आलेला टीव्ही.

तम्मा कन्नड शाळेत, मी मराठी शाळेत. त्याला बाजारापुरते मराठी येई आणि मला पुस्तकापुरते कन्नड. म्हणजे असे, की आमच्या शाळेत कन्नड विषय होता, अक्षरे मी गिरवली होती, एक कविताही घडाघडा म्हणत असे. पण समोरचा माणूस बोलू लागला की माझी दातखिळी बसे. त्यामुळे आमची मैत्री बरीचशी गोट्या आणि लगोरीवर चाले. ह्या खेळांना भाषा फारशी लागत नाही.

२०१२ च्या दिवाळीत तम्माच्या अप्पांनी खडेबाजारातून एक खोके आणले. मी तेव्हा सात वर्षांचा. खोक्यात एक राखी रंगाचा डबा, वायरने जोडलेली दोन रिमोटे, एक केशरी बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. डब्यातून निघालेल्या पिवळ्या नि पांढऱ्या पिना टीव्हीच्या पाठीत खुपसायच्या, अ‍ॅडॅप्टर भिंतीत लावायचा, कॅसेट वरून दाबून बसवायची आणि देवाचे नाव घेऊन बटण दाबायचे. चित्र आले नाही तर कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. ह्या फुंकरीने काही होत नाही, उलट तोंडाच्या ओलाव्याने आतले तांब्याचे दात गंजतात, जे काय होते ते कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्याने होते, हे ज्ञान मला फार उशिरा झाले. त्या वेळी फुंकर हा विधीचाच भाग होता आणि ती मारायचा मान घरच्या मालकाकडे, म्हणजे तम्माकडे असे.

कॅसेटवर इंग्रजीत छापले होते : ९९९९ इन वन. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ! आम्ही दोघांनी हिशेब केला, रोज एक खेळला तरी मॅट्रिक होऊन नोकरीला लागेपर्यंत पुरतील. प्रत्यक्षात निघाले वीसेक. तेच वीस पुन्हा पुन्हा नावे बदलून यादीत घातलेले. कुठे सुरुवात दुसऱ्या पायरीपासून, कुठे माणसाच्या अंगरख्याचा रंग निराळा. फुगवलेला ताळेबंद म्हणजे काय हे बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षी वर्गात शिकवले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी ती पिवळी कॅसेट आली.

मूळ यंत्र जपानी. निन्टेन्डो कंपनीने 'फॅमिकॉम' ह्या नावाने ते जुलै १९८३ मध्ये बाजारात आणले आणि २००३ साली त्याचे उत्पादन थांबवले. आमच्या गल्लीत आले ते त्याचे स्वस्त नक्कल-भावंड. गंमत पाहा, अस्सल यंत्र जपानात बनायचे थांबले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, आणि त्याची नक्कल २०१२ साली आम्हांला जगातली सर्वांत नवी वस्तू वाटत होती. असो. आपल्याकडे पुष्कळ गोष्टी अशाच येतात.

पहिला खेळ लावला तो मारिओचा. निळे आकाश, विटांची जमीन, लाल टोपीचा मिशीवाला बुटका. तम्माने दिवाळीच्या दिवशीच तो खेळून पाहिला होता, त्यामुळे तो गुरू नि मी चेला. रिमोट माझ्या हाती दिले. समोरून कुत्र्याच्या छत्रीसारखे दिसणारे, भुवया चढवलेले एक तपकिरी ध्यान टुकूटुकू चालत माझ्याकडे येऊ लागले, आणि तम्मा कानाशी ओरडू लागला, "हारु! हारु!"

मला राग आला. अजून खेळ सुरू होतो आहे तोवर हा मला हरायला सांगतो! मी रिमोट खाली ठेवून म्हणालो, "मी कशाला हारू? तू हार!" तेवढ्यात ते ध्यान मारिओला येऊन भिडले, मारिओ हात वर करून पडद्याखाली गेला, आणि तम्मा कपाळावर हात मारून म्हणाला, "सत्त!" आता ही सत्ता कोणाची, ते मला कळेना.

कन्नडात 'हारु' म्हणजे उडी मार आणि 'सत्त' म्हणजे मेला. हे दोन शब्द मला कोणी अर्थ सांगून शिकवले नाहीत. तम्माने रिमोट घेतले, तोंडाने "हारु" म्हणत बटण दाबले, मारिओ उडाला, आणि तो शब्द माझ्या डोक्यात जो बसला तो कायमचा. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी 'ओडु' शिकलो. पहिल्यांदा वाटले हा मला काही ओढायला सांगतो, पण ओडु म्हणजे पळ. 'निंद्र' म्हणजे थांब. 'साकु' म्हणजे पुरे, हा शब्द बहुधा तम्माच्या अव्वाच्या तोंडून येई. 'ईग नंदु' म्हणजे आता माझी पाळी, आणि 'निंदु' म्हणजे तुझी. मारिओत दोघांना एकदम खेळता येत नाही. एक मेला की दुसऱ्याची पाळी. त्यामुळे दर दोन मिनिटांनी नंदु की निंदु ह्यावर भांडण, आणि भांडता भांडता माझे कन्नड सुधारत गेले. शाळेत आमच्या कन्नडच्या बाईंनी एकदा मला उभे करून वर्गाला सांगितले, ह्याच्यासारखा उच्चार करा. मी मान खाली घालून उभा. हा उच्चार कोणत्या पाठशाळेतला ते बाईंना काय ठाऊक?

तिथे तुम्हांला एक माणूस भेटवायचा आहे. तम्माचे अप्पा. अंगात बनियन, कमरेला पंचा, कानामागे पेन्सिलीचा तुकडा, आणि मागाच्या आवाजात जन्म गेल्यामुळे बोलणे एकतर अजिबात नाही, नाहीतर ओरडून. टीव्ही गेम त्यांनीच आणला, पण आमच्या खेळाकडे त्यांनी कधी पाहिले नव्हते. एकदा चहाचा कप हातात घेऊन ते आमच्या पाठीमागे उभे राहिले. पाळी माझी होती. एकाएकी ते ओरडले, "निंद्र!" मी घाबरून खेळ थांबवला. ते पुढे झाले, काचेपाशी बसले, आणि नखाने चित्रावरची घरे मोजू लागले. मग आकाशातल्या पांढऱ्या ढगावर एक बोट ठेवले, जमिनीवरच्या हिरव्या झुडपावर दुसरे, आणि म्हणाले, "एरडू ओंदे. बण्ण बेरे."

दोन्ही एकच, रंग वेगळा.

आम्ही हसलो. ढग तो ढग, झुडूप ते झुडूप. पण पुन्हा पाहिले आणि हसू थांबले. खरोखरच तीच कडा, तेच तीन फुगे. वरच्याला पांढरा रंग दिलेला, खालच्याला हिरवा, आणि झुडपाचे बूड जमिनीत लपवलेले. दोन महिने आम्ही रोज तासन्‌तास त्या चित्रापुढे बसत होतो आणि आम्हांला ते दिसले नव्हते. अप्पांना चहाच्या एका घोटात दिसले. ते आत गेले नि साडीच्या काठाचा नकाशा घेऊन आले. चौकटीचा कागद, त्यावर पेन्सिलीने एकेक घर भरून काढलेली कोयरी. हा नकाशा पाहून पुठ्ठ्यांना भोके पाडायची, पुठ्ठ्यांची माळ मागाच्या डोक्यावरच्या जकार्डावर चढवायची. जिथे भोक तिथे धागा उचलणार, जिथे नाही तिथे खाली राहणार. तीच माळ आणि तीच कोयरी, नुसता धागा बदलला की साडी नवी. "हे करणारा," ते टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले, "आमच्यातलाच कोणीतरी असणार."

मोठेपणी मी ह्याबद्दल वाचले. सुपर मारिओ हा खेळ सप्टेंबर १९८५ चा, शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका ह्यांचा. अख्खा खेळ, बत्तीस पायऱ्या, संगीत आणि चित्रे मिळून, ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो ह्याच्या कितीतरी पट जागा खातो. जागा वाचवायची म्हणून त्यांनी एकच आकृती दोनदा वापरली. वर ढग, खाली झुडूप. म्हणजे अप्पांनी चहा पिता पिता पकडले ते अगदी बरोबर होते. आणि त्यांचे ते 'आमच्यातला' म्हणणेही अगदीच वेडगळ नव्हे. फ्रान्सच्या झोझेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास मागावर पुठ्ठ्यांची जी युक्ती बसवली, तीच पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, आणि संगणकाच्या इतिहासाची पुस्तके तिथूनच सुरुवात करतात.

केशरी बंदुकीचेही असेच. बदके उडत, आपण पडद्यावर नेम धरून चाप ओढायचा, नेम चुकला तर गवतातून कुत्रा वर येऊन फिदीफिदी हसे. आम्हांला वाटे बंदुकीतून काहीतरी अदृश्य सुटते आणि काचेला लागते, म्हणून तम्माची अव्वा टीव्हीसमोरून गेली की आम्ही "सत्त! सत्त!" ओरडत असू आणि ती लाटणे उगारी. पण बंदुकीतून काहीच सुटत नाही. तिच्या नळीत एक डोळा असतो. चाप ओढला की पडदा एक क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम बरोबर, नाही दिसला तर कुत्रा हसणार.

आता मुख्य गोष्ट. ती लिहायला मला आवडणार नाही, पण तिच्यासाठीच हा लेख आहे.

२०१३ च्या मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत पिवळ्या कॅसेटमधले वीसही खेळ चोथा झाले होते. गणपत गल्लीजवळच्या एका बोळात एक दुकान होते. तिथे जुनी कॅसेट द्यायची, वर वीस रुपये द्यायचे आणि दुसरी घेऊन यायची. तिथे आम्ही 'कॉन्ट्रा' पाहिली. दोन शिपाई, एक निळ्या विजारीचा नि एक लाल, आणि मुख्य म्हणजे दोघेही एकाच वेळी पडद्यावर! नंदु-निंदुची भानगडच मिटली. आम्ही बोळातून परत येताना एक शब्द बोललो नाही. दोघांच्याही मनात वीसच रुपये होते.

आमच्या घरी देवाच्या फळीवर हळदीच्या डब्याखाली रोज दुपारी वीस रुपयांची नोट ठेवलेली असे. ती आईची पिग्मी. बेळगावकरांना हा शब्द समजावून सांगायला नको, पण आपले वार्षिक बाहेरगावी जाते म्हणून सांगतो. रोज ठरावीक रक्कम बाजूला काढायची, संध्याकाळी एजंट दारी येऊन घेऊन जातो नि खाती भरतो. ही कल्पना मूळ आपल्या कर्नाटकातली. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली दिवसाला दोन आणे घेऊन ती सुरू केली. ती बँक १ एप्रिल २०२० पासून कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द राहिला. आईची पिग्मी एका पतसंस्थेत होती. एका साडीच्या फॉलमागे तिला मिळत ते रुपये पाहता, वीस रुपये म्हणजे दुपारभर मान मोडून केलेले काम होते. हे मला आज कळते असे नाही. तेव्हाही कळत होते.

त्या दिवशी दुपारी तम्मा आमच्याकडे पाणी प्यायला आला होता. आई पाठच्या दारी भांडी घासत होती. मी फळीवरून नोट काढली. तम्माने पाहिले. तो काही बोलला नाही, मीही नाही. आम्ही पिवळी कॅसेट घेतली आणि पळत बोळ गाठला. पळताना मला वाटत होते की एजंट आज येणार नाही, एखाद्या दिवशी तर त्याला सुट्टी असेलच.

एजंट आला. आईने डबा उचलला. खाली काही नाही. तिने फळी झाडली, देव हलवले, मला विचारले. मी म्हणालो, मला काय माहीत. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "दुपारी तो आला होता काय?" मी नुसती मान हलवली. खरे तर मी खोटे काहीच बोललो नाही. तो आला होताच.

आई भांडखोर नव्हती. ती तम्माच्या घरी गेली नाही, आवाज चढवला नाही. रात्री मला जेवायला वाढताना एवढेच म्हणाली, "उद्यापासनं त्याला घरात आणूचं नाही." पण सकाळी नळावर शेजारणीपाशी ती बोलली असावी, आणि आमच्या गल्लीतला नळ म्हणजे काय हे सांगायला नको. दुपारपर्यंत गोष्ट चार घरे ओलांडून गेली. तिथे तर पुरावाच होता. टीव्हीवर ठेवलेली नवी कॅसेट!

संध्याकाळी तम्माची अव्वा आमच्या दारात उभी राहिली. हाताला कांड्या भरताना लागलेले रंग तसेच. तिने पदराच्या गाठीतून वीस रुपयांची नोट सोडवली आणि आईच्या पुढे धरली. "तगोरी वैनी," ती म्हणाली, आणि मग तिच्या मराठीत, "पोरगं लहान हाय. मी मारले त्याला." आई गडबडली. नको म्हणाली, मग घेतली. मी आतल्या दाराच्या आड उभा होतो. तेव्हा मी बाहेर येऊन दोन वाक्ये बोलायला हवी होती. मला ती दोन भाषांत बोलता आली असती. एकीतही बोललो नाही.

तम्मा का गप्प राहिला? मी त्याला उगाच संतपण देत नाही. त्याला बहुधा भीती असावी की खरे सांगितले तर कॅसेट परत जाईल. मी पुढल्या आठवड्यात त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याच्या पोटरीवर दोन वळ होते. त्याने मला दुसरे रिमोट दिले नि म्हणाला, "निंदु." आम्ही कॉन्ट्रा खेळू लागलो. मला कोणी हटकले नाही. अव्वाने नेहमीप्रमाणे दोघांना अर्धी अर्धी भाकरी दिली. आमच्या घरचे दार त्याला बंद झाले होते आणि त्यांचे मला उघडेच होते. हे विचित्र आहे हे मला जाणवत होते, पण खेळ चांगला होता.

कॉन्ट्रात तिसरी पायरी धबधब्याची आहे. खडकाखडकांवरून उड्या मारीत वर चढायचे असते, आणि जो पुढे चढेल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. मागे राहिलेला पडद्याच्या खाली गेला की मरतो. त्याला गोळी लागावी लागत नाही, आपण वर गेलो एवढेच पुरते. मला चढायची घाई फार. तम्मा ओरडे, "निंद्र! निंद्र!" आणि मी थांबेपर्यंत त्याचा शिपाई गेलेला असे. आधी तो ह्यावरून भांडायचा. त्या उन्हाळ्यात मात्र भांडला नाही. नुसता रिमोट मांडीवर ठेवून माझा खेळ संपायची वाट पाही.

पुढे अ‍ॅडॅप्टर जळाला. तोवर घरोघर मोबाइल आले, मग आम्ही दोघे आपापल्या घरात आपापल्या बापाच्या मोबाइलवर रुळांवरून पळणारा पोरगा खेळू लागलो. त्यात दुसऱ्या रिमोटाची सोयच नाही. २०२० साली टाळेबंदीत माग थांबले, ह्या वेळी वीज असून थांबले. अप्पांनी दोन्ही माग विकले. तम्मा दहावीनंतर उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लागला, आज तो संगणकावर चालणारे कातकामाचे यंत्र चालवतो. मी कॉमर्सला आलो. रस्त्यात भेटलो की हात वर करायचा, एवढे राहिले.

२०२५ च्या दिवाळीत घर झाडताना आईची जुनी पिग्मीची पुस्तके निघाली. ती रद्दीत जायची होती. मी हिशेबाचा विद्यार्थी, म्हणून सहज चाळू लागलो. पानामागून पान वीस, वीस, वीस. तापात, लग्नकार्यात, आजी गेली त्या आठवड्यातही वीस. आणि मे २०१३ मध्ये एका दिवसासमोर आडवी रेघ, नि दुसऱ्या दिवशी चाळीस. त्या चाळिसातले वीस आमचे नव्हते. बारा वर्षे ती रक्कम आमच्या पुस्तकात आमची म्हणून पडून होती. वर्गात जमा-नावेच्या नोंदी चुकल्या की सर लाल शाईने गोल करतात, तसा गोल मी त्या चाळिसाभोवती पेन्सिलीने केला नि पुस्तक खिशात घालून निघालो.

अव्वा अंगणात रांगोळीचे पीठ चाळत होती. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले, कन्नडातून, तिच्याच घरी शिकलेल्या कन्नडातून, आणि वीसची नोट पुढे केली. ती माझ्याकडे नि नोटेकडे पाहत राहिली. मला वाटले आता ती रडेल किंवा मारील. ती म्हणाली, "बड्डी एल्लि?"

व्याज कुठे आहे, म्हणून विचारत होती! आणि खरे सांगतो, माझ्याकडे उत्तर तयार होते. शेकडा ४ दराने बारा वर्षांचे सरळ व्याज ९ रुपये ६० पैसे होते हे मी वाटेतच काढले होते. मी आणखी दहाची नोट काढली तेव्हा ती हसली, दोन्ही नोटा माझ्या खिशात परत कोंबल्या आणि म्हणाली की मार मी खाल्ला नव्हता, ज्याने खाल्ला त्याला दे.

तम्मा दुसऱ्या पाळीहून रात्री अकराला आला. अंगाला यंत्राच्या तेलाचा वास. मी त्याला पुस्तकातले ते पान दाखवले. त्याने ते दिव्याखाली धरून पाहिले, पेन्सिलीचा गोल पाहिला. नोटांना हात लावला नाही. मग मराठीत (त्याचे मराठी आता माझ्या कन्नडाइतकेच चांगले आहे) एवढेच विचारले, "तुझ्या आईला सांगितलास काय?"

मी म्हणालो, नाही.

"मग मला काय सांगूलास?" असे म्हणून तो हातपाय धुवायला गेला.

त्याला महिना होऊन गेला. आईसमोर बसून सांगायचे मी तीन वेळा ठरवले आणि तिन्ही वेळा भलतेच काहीतरी बोलून उठलो. आपले वार्षिक घरी आले की ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, जाहिरातींसकट. कन्नड तिला वाचता येत नाही, म्हणून हा लेख मराठी विभागात दिला आहे.